सरांची नौका

कोणत्याही घरात पाऊल टाकले की ते आधी भिंतीवर तळहात टेकवीत, डोळे मिटीत आणि क्षणभर तसेच उभे राहत. यजमान खुर्ची पुढे करी, तेव्हा म्हणत, "थांबा जरा. भिंत काय म्हणायली ते ऐकू द्या." लातूरच्या एखाद्या लग्नात, एखाद्या बारशात तुम्हीही हे दृश्य पाहिले असेल आणि माझ्यासारखेच मनात हसला असाल. कारण समजल्यावर मी हसणे सोडले.

त्यांचे नाव येथे लिहीत नाही. त्यांच्यापुढे बसून ज्यांनी पदार्थविज्ञान शिकले त्यांना ते ठाऊक आहे. इतरांना 'सर' एवढे पुरेसे व्हावे. त्याच शिकवणी वर्गात मी संस्कृत शिकवीत असे. ते दिवस लातूरच्या शिकवण्यांच्या भरभराटीचे होते. परगावची मुलेमुली ट्रंका घेऊन एस.टी.तून उतरत आणि भाड्याच्या खोल्यांमध्ये पुस्तकांच्या ढिगाआड दिसेनाशी होत. माझा विषय गुण देणारा म्हणून प्रिय होता. सरांचा विषय गुण कापणारा म्हणून पूज्य होता. सर मात्र मला भर वर्गात नमस्कार करीत आणि मुलांना सांगत, "गुरुजींच्या विषयात चुकलात तर देव माफ करील. माझ्या विषयात मी न्हाई करणार."

सर औसा तालुक्यातल्या शेतकरी घराण्यातले. गळ टाकून मासे धरण्याचा छंद त्यांना लहानपणापासून होता. त्र्याण्णवचा भूकंप झाला त्या पहाटे ते धरणाच्या काठावर गळ टाकून बसले होते. सकाळी गावी परतले, तेव्हा त्यांच्या दगडमातीच्या घराच्या जागी ढीग होता, आणि ढिगाखाली त्यांच्या मातोश्री व थोरले बंधू होते. याहून अधिक ते कधी बोलले नाहीत.

तेव्हापासून त्यांना छपराखाली झोप येईनाशी झाली. पुढे लातुरात त्यांनी उत्तम घर बांधले. कोणत्या खांबात किती लोखंड आहे हे त्यांना मुखोद्गत होते. तरी झोपण्यासाठी ते अंगणात बाज टाकीत. पावसाळ्यात बाजेच्या पायाला छत्री बांधीत. शेजारी दुसरी बाज वहिनींची असे. एकदा वहिनी मला म्हणाल्या, "गुरुजी, भावकीत म्हणतेत, एवढं घर बांधलं अन् नवरा-बायको बाहेर. मी काय सांगू त्यांना? ह्यांना एक डाव नीट झोप लागू द्या, मला दुसरं काही नको." त्या साध्वीने देवाजवळ मागितलेले एवढेच.

माझे घर नांदेडला. सुटीच्या दिवशी सर माझ्याबरोबर येत. अहमदपूरला गाडी थांबली की आम्ही चहा घेत असू, आणि पुढे विष्णुपुरीच्या जलाशयावर ते गळ टाकून बसत. मी शाकाहारी, पौरोहित्य आणि त्रिकाळ संध्या करणारा. थोड्या अंतरावर बसून स्तोत्र म्हणत असे.

"गुरुजी, हळू म्हणा जरा. मासे पळायलेत."

"पळत असतील तर त्याचे पुण्य मला लागेल."

"अन् पाप?"

"ते तुमच्या टोपलीत दिसतेच आहे."

असा आमचा स्नेह होता.

वैशाखातली एक दुपार. उन्हाने काठावर बसवेना, म्हणून सर तिथल्या एका भोयाच्या होडीत शिरले. होडीवर बांबू वाकवून ताडपत्रीचे छप्पर केलेले होते. होडी काठाला बांधलेली, वाऱ्याने हळूहळू हलत असलेली. थोड्या वेळाने मी डोकावलो, तर सर गाढ झोपले होते. भोई त्यांना उठवू लागला. मी त्याचा हात धरला. तीन तासांनी त्यांनी डोळे उघडले, डोक्यावरची ताडपत्री पाहिली आणि बोटाने चाचपली.

"गुरुजी, मी छपराखाली झोपलो."

"झोपलात. तीन तास."

ते उठून बसले. मग फळ्यापुढे उभे असल्यासारखे सावकाश म्हणाले, "घरात आपण जमीन हालणार न्हाई म्हणून झोपतो. हितं ती आधीपासनंच हालायली. मग भ्यायचं कशाला?"

त्या क्षणी त्यांचा निश्चय झाला. जलाशयावर कायमचे राहू देत नाहीत, म्हणून त्यांनी समुद्राचा विचार सुरू केला. निवृत्तीनंतर गळाने मासेमारी करण्याची, आत झोपण्याची सोय असलेली नौका घ्यायची आणि वहिनींसह तिच्यातच राहायचे. वर्गात ही वार्ता पसरली, तेव्हा सहकाऱ्यांनी थट्टेला सीमा ठेवली नाही. "लातूरला प्यायला पाणी न्हाई, अन् सर बोट घ्यायलेत." सर उत्तर देत, "म्हणून तर पाण्याकडं चाललोय."

निवृत्त होताच नौका पाहण्यासाठी त्यांनी मला आग्रहाने बरोबर नेले. रत्नागिरीच्या दक्षिणेला एका खाडीत दलालाने तीन नौका दाखवल्या. पहिली आरशासारखी चकचकीत होती, वर उंच केबिन. सरांनी आत वाकून तळाशी साचलेल्या पाण्यात बोट बुडवले आणि जिभेला लावले. "खारं हाय. पावसाचं असतं तर गोडं लागलं असतं. खालनं पाणी यायलं." दलालाचा चेहरा उतरला. दुसरी जुनी, लाकडी आणि मजबूत होती. सर तिच्या कडेवर जोर देऊन ती डोलवू लागले आणि घड्याळ लावून एकेक झोका मोजू लागले. फार सावकाश परतणारा झोका म्हणजे वजन वर आहे, वादळात ही उलटेल, असे त्यांनी मला समजावले. तिसरी साधी होती: मुंबईच्या कुणा हौशी माणसाने गळाच्या मासेमारीसाठी बांधून घेतलेली, पुढे दोघांपुरती झोपायची जागा, मागे उघडा सपाट भाग आणि मासा वर ओढता यावा म्हणून ठेंगणे कठडे. तिचा तळ कोरडा होता, झोका बेताचा होता. सर आत जाऊन आडवे झाले आणि तासभर बाहेर आले नाहीत.

दलाल मला म्हणाला, "काका, साहेब बोट घेतायत की पलंग?"

"दोन्ही," मी म्हणालो.

मालकाने ती काही दिवस वापरून पाहण्यास दिली. येथे मला सरांची एक चूक सांगितली पाहिजे. स्वतः सर ती पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत असत. पहिल्या दिवशी त्यांनी नौका धक्क्याला आणली आणि चारही दोर घट्ट, जराही ढील न ठेवता बांधले. आमच्याकडे जनावर असेच बांधतात, आणि जलाशयावरची होडीही. पाणी भरतीचे होते. आम्ही जेवून परतलो तेव्हा ओहोटी लागली होती, पाणी पुरुषभर खाली गेले होते, आणि नौका दोरांना लोंबकळून एका अंगावर कलंडली होती. एक खुंटा उपटून आला होता. धक्क्यावर माणसे जमली होती.

त्यांत एक म्हातारे तांडेल होते. नौका चालवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते, आणि धक्क्यावर कोणाची नौका कोठे लागावी हे तेच ठरवीत. ते शांतपणे म्हणाले, "काय मास्तर, बोट बांधलीत की गोठ्यात म्हैस?"

सगळे हसले. ज्या गृहस्थाने वर्षानुवर्षे फळ्यावर चंद्र, पृथ्वी आणि भरती-ओहोटीची आकृती काढून मुलांकडून पैकीच्या पैकी गुण मिळवून घेतले, ते दोन हात जोडून उभे राहिले. "तांडेल, फळ्यावरचा चंद्र ध्यानात ऱ्हायला, अन् खऱ्याला इसरलो. मला शिकवा."

"शिकवीन. जागा मात्र देणार नाही," तांडेल म्हणाले. "दोन्ही बाजूंना आमच्या होड्या आहेत. तुमची आदळली तर आमची चूल बंद." शेवटी त्यांनी एक अट घातली. दुपारचा वारा आडवा असताना, ओहोटीच्या ओढीत, सरांनी एकट्याने तीनदा नौका आणून लावायची आणि कशालाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. जमले तर जागा. जागा नाही तर नौका घेण्यात अर्थ नव्हता, आणि नौका नाही तर पुन्हा अंगणातली बाज होती.

यानंतर त्यांनी जे केले ते केवळ लातूरचा मास्तरच करू जाणे. त्यांनी एक रिकामे निळे पिंप दगड बांधून खाडीच्या मध्यात तरंगत ठेवले. ते पिंप म्हणजे शेजारची होडी. तांडेलांनी रीत सांगितली: तोंड प्रवाहाकडे ठेवा, चाल मंद करा, दोन हात उरले की यंत्र क्षणभर उलटे फिरवा, मागची बाजू आपोआप जवळ सरते, मग आधी मधला दोर टाका. सर सकाळ-दुपार त्या पिंपाजवळ जाऊन थांबण्याचा सराव करू लागले. काठावर मी वही घेऊन बसे. वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला चुकांची वही ठेवावी लागे, तशी ही सरांची वही. 'वेग अधिक. वारा डावीकडून असल्याचे विस्मरण. दोरास विलंब.' एकच चूक दोनदा लिहावी लागली की सर त्या दिवशी जेवायला उशिरा येत. तांडेल वही पाहून मला म्हणाले, "आमच्या पोरांनी एवढं केलं असतं तर धक्क्यावर एक ओरखडा उरला नसता."

ठरलेल्या दुपारी वारा समुद्रावरून जोरात येत होता. लातूरहून आलेल्या वहिनी धक्क्याच्या टोकाशी उभ्या होत्या. मी गायत्रीचा जप करीत होतो. पहिल्या खेपेला नौका अशी येऊन थांबली की पाण्यावर रेघ उठली नाही. दुसऱ्या खेपेलाही तसेच. तिसऱ्या वेळी सर अगदी जवळ आले असताना एक मोठा ट्रॉलर खाडीत शिरला आणि त्याच्या लाटेने नौका शेजारच्या होडीकडे उचलली गेली. मध्ये दोन वितींचे अंतर उरले.

"आत घ्या, आत घ्या," लोक ओरडू लागले. "दोर टाका."

सरांनी दोर टाकला नाही. त्यांनी यंत्र उलटे फिरवले, नौका मागे घेतली आणि ते खाडीच्या मध्यात जाऊन पाणी निवण्याची वाट पाहत थांबले.

"गेली मास्तरांची परीक्षा," कोणीतरी म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. माझा जप थांबला होता.

तांडेलांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले. "मास्तर, या. जागा तुमची."

"तिसरी खेप ऱ्हायली की," सर पाण्यातून ओरडले.

"तीच बघायची होती. आत घुसणारे लय बघितले. वेळेला मागे फिरणारा कमी बघितला."

तरीही सर आले, आणि कशालाही न शिवता लावून दाखवली. अपूर्ण उत्तरपत्रिका देणे त्यांना मान्य नव्हते. तांडेल मला म्हणाले, "कुठं शिकले हे?"

"लातूरला," मी म्हणालो.

"लातूरला कुठला आलाय समुद्र?"

"समुद्र नाही. सराव आहे."

आत्मस्तुती शास्त्रात निषिद्ध आहे. परंतु मित्राची आणि आपल्या गावाची स्तुती करताना माझी छाती त्या दिवशी जेवढी फुगली, तेवढी पदवी मिळाली तेव्हाही फुगली नव्हती.

दोर या वेळी ढील ठेवून बांधले गेले. सर आत गेले. थोड्या वेळाने वहिनी वाकून पाहून आल्या आणि तोंडाला पदर लावून कठड्याशी बसल्या. "झोपले," एवढेच म्हणाल्या. सूर्य कलला तरी त्यांना उठवायला कोणी गेले नाही.

पुढची कितीतरी वर्षे त्या दोघांनी त्या नौकेत संसार केला. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढत, तेवढे महिने ते लातूरला येत, बाजेवर तळमळत आणि पाऊस सरण्याची वाट पाहत. इतर वेळी त्यांचे जुने विद्यार्थी, आता कोणी डॉक्टर, कोणी अभियंते, सुटीत खाडीवर जात. सर त्यांना सुरमई खाऊ घालीत आणि लाटेवर डोलणाऱ्या नौकेत उभे राहून गुरुत्वमध्य समजावीत.

गेल्या माघात वहिनींचा फोन आला. "गुरुजी, सकाळी हाक मारली तर उठलेच न्हाईत. लई गाढ झोप लागली व्हती त्यांना."

मी गेलो. तेरा दिवसांचे विधी खाडीकाठी झाले. चौदाव्या दिवसाची शांती घरात करावयाची असते, पण वहिनी म्हणाल्या, "बोटीवर करा." तांडेलांनी स्वतः नौका धुऊन दिली. मागच्या उघड्या भागात मी कलश मांडला आणि संकल्पास आरंभ केला. संकल्पात आपण कोठे बसलो आहोत याचा उच्चार करावा लागतो. जन्मभर मी गोदावरीच्या तीराचे नाव घेत आलो. त्या दिवशी कोकणच्या रीतीप्रमाणे परशुरामक्षेत्राचा उच्चार केला, आणि पुढच्या शब्दापाशी थांबलो. मंदिर असेल तर देवालय म्हणतात, नदीचा काठ असेल तर तीर. नौकेसाठी काय म्हणावे याचा विधी माझ्या गुरूंनी मला सांगितला नव्हता.

खाली पाणी हलत होते. कलशातले पाणीही त्याच्याबरोबर हलत होते.

मी 'स्वगृहे' म्हणालो आणि संकल्प पुढे म्हणू लागलो.

वहिनींनी हळूच विचारले, "गुरुजी, त्याचा अर्थ काय व्हतो?"

"आपल्या घरी," मी सांगितले.