स्पेनचे भाऊजी

भाऊजींइतका सरळ माणूस बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतकं गोंधळात मला कोणी टाकलेलंही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल कशा खऱ्या असू शकतात हे मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं विचार करूनही सांगता आलेलं नाही. ते माझ्या आत्याचे धाकटे दीर. ती त्यांना भाऊजी म्हणे, म्हणून आम्ही घरचे भाऊजी म्हणू लागलो, मग शेजारपाजार, मग किराणा दुकानदार, आणि शेवटी देऊळगाव राजातली त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही त्यांना भाऊजीच म्हणत. तरुणपणी मुंबईला एका सिंधी शेठच्या पेढीवर ते पत्रं लिहायला लागले, आणि शेठने त्यांना उचलून थेट स्पेनमधल्या एका बंदराच्या गावी, आपल्या रेशमी कापडाच्या दुकानात नेऊन बसवलं. तिथं ते पंधरा-सोळा वर्षं होते. माझे आतोबा अचानक गेले, घरात आत्या आणि लग्नाची मुलगी एवढ्या दोघीच उरल्या, तेव्हा भाऊजी बोटीने, मग रेल्वेने आणि जालन्याहून एसटीने आले. "दोन महिने राहतो, मंग निघतो," असं आल्या दिवशीच म्हणाले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा वर्ष-दोन वर्षं झाली होती; मी देऊळगाव राजाच्याच शाळेत नवीनच मास्तर म्हणून लागलो होतो आणि आत्याकडेच राहत होतो. ते दोन महिने तीन वर्षं चालले.

स्पेन नकाशात कुठे आहे हे गावात फक्त मला आणि माझ्या सातवीच्या वर्गाला माहीत होतं, पण तिथं वांग्याचं काय करतात हे मात्र सबंध आळीला तोंडपाठ होतं. भाऊजींना तिकडच्या राजकारणाबद्दल विचारा, ते मासळीबाजारावर येत. हवा कशी असते म्हणून विचारा, ते टरबुजावर येत. आपण स्वतः काय खाल्लं आणि काय नाही, याचा छडा मात्र त्यांनी कोणाला लागू दिला नाही. म्हणजे लपवत काहीच नव्हते, पण सांगता सांगता इतके रंगून जात की विचारणाराच आपला प्रश्न विसरे. उन्हाळ्यात तिकडे टमाटे, काकडी आणि शिळी पोळी एकत्र वाटून त्याचं गार सार पितात, असं सांगून एकदा त्यांनी ते स्वतः पाट्यावर वाटून केलं. आत्याने एक घोट घेतला, भाऊजींकडे पाहिलं, आणि उठून त्याला हिंग-जिऱ्याची फोडणी घातली. "फोडणीबिगर? तिथं समदे आजारीच राह्यतात का भाऊजी?" भाऊजींनी फोडणीचं सारही दोन वाट्या प्यायलं आणि हेच जास्त चांगलं लागतं म्हणाले, पण हे ते नाही असंही म्हणाले. तिथल्या खारवलेल्या हिरव्या फळांची आठवण येऊन त्यांनी एकदा बरणीभर कोवळ्या निंबोळ्या मिठाच्या पाण्यात घातल्या. तीन आठवडे रोज पाणी बदललं. चौथ्या आठवड्यात आम्हा सगळ्यांना एकेक दिली. माझं तोंड दोन दिवस कडू होतं. भाऊजींनी डोळे मिटून एक चावली, म्हणाले, "नाही, हे ते नाही," आणि दुसरी उचलली.

आता दारूचं सांगायला हवं, कारण दिवस दारूबंदीचे होते आणि गावाला सगळ्यात उत्सुकता त्याचीच होती. मंदिरात कीर्तन ठेवणाऱ्या मंडळींपैकी एकाने ओसरीवर चारचौघांत विचारलं, "म्हंजे भाऊजी, तुम्ही पेत होते?" दुसरा कोणी असता तर त्याने विषय बदलला असता. भाऊजी म्हणाले, "हाव. जेवताना अर्धा पेला, द्राक्षाची. तिथं लहानथोर समदेच घेतात. चतुर्थीले मात्र चंद्र दिसल्याबिगर कधी शिवली नाही." प्रश्न विचारणाऱ्याला यावर रागवावं की नमस्कार करावा ते कळेना. मग भाऊजींनी खुलासा केला. तिकडे पंचांग नव्हतं, म्हणून पौर्णिमेपासून बोटं मोजायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते खाणावळीत भरला पेला पुढ्यात ठेवून नुसते बसत आणि मधूनमधून दाराशी जाऊन आभाळ पाहून येत. असं दोन-तीन महिने झाल्यावर खाणावळवाला विचारू लागला. भाऊजींनी त्याला गणपती जमेल तसा समजावला. पुढे पुढे काही कोळी आपले पेले पुढ्यात ठेवून त्यांच्याबरोबर थांबू लागले, आणि चंद्र दिसला की सगळे मिळून ओरडत. "त्याईले काय समजलं ते मले नाही समजलं," भाऊजी म्हणाले, "पण एकानं सांगतलं, उपासानं त्याची मासोळी वाढली." त्या रात्री आमच्या ओसरीवर संकष्टीचं महत्त्व वाढलं की कमी झालं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी ते फिरायला निघत. स्वच्छ कपडे, डोक्याला तिकडची गवती टोपी, मंदिरापासून बसस्टँडपर्यंत आणि परत. आमच्याकडे तेव्हा माणूस कामाशिवाय चालत नसे. "कुठं निघाले भाऊजी?" "कुठं नाही." या उत्तराने लोक हैराण होत. एसटीच्या एका कंडक्टरने त्यांना रोज जालन्याच्या गाडीच्या वेळेला स्टँडकडे येताना पाहून दोनदा गाडी थांबवून धरली. भाऊजींनी दोन्ही वेळा त्याला टोपी उचलून रामराम केला आणि पुढे गेले. रविवारी ते आम्हाला शिदोरी बांधून एका ओळखीच्याच्या शेतात नेत. तिथं पोचल्यावर काय करायचं हे आत्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बसायचं." आमच्या भागात हुरडा नसताना, नवस नसताना कोणी झाडाखाली जेवायला बसत नाही. त्यामुळे येणारे-जाणारे थांबत, कोणत्या देवाचं आहे म्हणून विचारत, आणि प्रसाद समजून दोन घास खाऊन जात. भाऊजी जेवताना ज्या दगडावर टोपी काढून ठेवत, त्याला चौथ्या की पाचव्या रविवारी कोणीतरी शेंदूर लावून गेलं होतं. तेव्हापासून ते टोपी मांडीवर ठेवू लागले.

पण भाऊजींची खरी अडचण यातल्या कशातच नव्हती. त्यांची अडचण होती ती 'नको' या गोष्टीची. आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा नकोच म्हणतो, यजमान ते ऐकत नाही, आणि तिसऱ्या आग्रहाला पानात पडतं; हे कोणाला शिकवावं लागत नाही. स्पेनमध्ये भाऊजी ज्या म्हातारीकडे राहत, तिने पहिल्या दिवशी आणखी वाढू का म्हणून विचारलं. भाऊजी रीतीप्रमाणे नको म्हणाले. तिने ताट उचलून नेलं. महिनाभर ती रोज विचारी, हे रोज नको म्हणत, आणि ती रोज ताट उचलून नेई. शेवटी विजार कमरेवर राहीना, तेव्हा दुकानातल्या दुसऱ्या माणसाने त्यांना समजावलं, की इथं माणूस एकदाच विचारतो आणि पहिलाच शब्द खरा धरतो. भाऊजी ते शिकले, आणि इतके पक्के शिकले की परत आल्यावर ते सुटेना. शेजारी म्हणायचा, "चहा—" आणि भाऊजी म्हणायचे, "घेतो." शेजाऱ्याच्या घरी पुष्कळदा दूधच नसे. उलट आमच्याकडे आलेला पाहुणा चहाला नको म्हणाला की भाऊजी "बरं" म्हणून मोठ्या आपुलकीने गप्पा मारत बसत, आणि तो बिचारा तासाभराने कोरड्या घशाने उठून जाई. आत्याच्या माहेरचे लोक, म्हणजे माझेच वडील, एकदा धाड गावाहून भर उन्हात येऊन असे न जेवता परत गेले होते.

आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं ते डोणगावच्या घरात. व्याह्यांची तिथं अडत होती आणि माणसं मोठी भारदस्त होती. लग्नात घरचा कर्ता पुरुष म्हणून व्याह्यांच्या पंगतीत जिलबी वाढायला भाऊजी निघाले. आम्ही त्यांना अडवायला हवं होतं, पण मी तेव्हा पाण्याच्या मागे होतो. व्याह्यांनी रीतीप्रमाणे पत्रावळीवर आडवा हात धरला आणि म्हणाले, "नको, नको." भाऊजी म्हणाले, "बरं," आणि पुढच्या पानावर गेले. व्याहीच नको म्हणाले म्हटल्यावर त्यांच्या भावाने नको म्हटलं, मग मेहुण्याने, मग सगळ्या ओळीने. तीन मिनिटांत भाऊजी भरली परात घेऊन परत आले आणि कौतुकाने मला म्हणाले, "लय कमी खाणारे लोक हायेत." इकडे व्याही पत्रावळीवर हात तसाच धरून बसले होते. आत्या परात घेऊन धावली. व्याही म्हणाले, "आमाले जिलबीचं काही नाही हो बाई. पण एकडाव तरी 'घ्याच' म्हणा!" आत्याने प्रत्येक पानात चार-चार जिलब्या घातल्या, हात जोडले, आणि लग्न पार पडलं. पण ती रडली, आणि भाऊजींनी ते पाहिलं.

त्याचा परिणाम असा झाला की दोघंही सुधारायला लागले. भाऊजी माझ्याकडे आले आणि शाळेतल्या पोरासारखे समोर बसले. "तू मास्तर हायेस. मले हे नीट सांग." मी त्यांना सांगितलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा 'कशाला उगाच तरास' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा थोडं घ्यायचं. त्यांनी ते लिहून घेतलं. इकडे आत्याने उलटंच मनावर घेतलं होतं. भाऊजींना तीन वर्षं आपल्या रीतीने छळलं, असं तिला वाटू लागलं होतं. "त्याईचं बरोबर हाये रे," ती मला म्हणाली. "एकडाव विचारावं आन् मानावं. आग्रहानं माणूस मनाबिगर गिळते." तिने भाऊजींना एकदाच भाजी विचारायला सुरुवात केली. भाऊजी आता नको म्हणायला शिकले होते. त्या दिवसांत दोघं ताटावर एकमेकांकडे बुचकळ्यात पडून पाहत, आणि भाऊजी थोडे वाळलेही. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं.

मग शेठचं पत्र आलं. दुसरं दुकान काढतो आहे, यायचं असेल तर पावसाळ्याआधीच्या बोटीने या, नाहीतर दुसरा माणूस पाहतो. मुलीचं लग्न झालेलं होतं, म्हणजे भाऊजी ज्यासाठी आले ते काम संपलं होतं. त्या संध्याकाळी फिरताना ते मला म्हणाले, "तिथली आठवण येते रे. पण तिथं असलो की इथली येते, आन् ती जास्त येते. वहिनीनं राहा म्हटलं त राहतो." घरी आलो तर आत्या चुलीपाशी म्हणाली, "राह्यले त लय बरं होईन. उद्या तुझी बदली झाली त मी एकटी या घरात काय करू? पण मी बळजबरी नाही करणार. एकडाव विचारीन." मला फार हायसं वाटलं. दोघांनाही एकच हवं होतं, तेव्हा मी मध्ये बोलण्याचं काही कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या सुपात तूर निवडत होती, भाऊजी पत्र घेऊन खांबाला टेकले होते आणि मी वह्या तपासत होतो. आत्या सुपातून नजर न काढता म्हणाली, "भाऊजी, राह्यता का मंग इथंच?" भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. धडा पाठ असलेलं पोर मास्तरांकडे पाहतं, तसं पाहिलं. आणि म्हणाले, "नको वहिनी."

आत्या म्हणाली, "बरं."

भाऊजी थांबले. कोणी विचारलंच नव्हतं, तरी ते पुढे म्हणाले, "म्हंजे... कशाला उगाच तुमाले तरास." आत्या "तरास कसला" म्हणाली, पण ते तिने उठता उठता म्हटलं, कारण तिला रडवेलं तोंड दाखवायचं नव्हतं. ती सूप घेऊन आत गेली. भाऊजी दाराकडे पाहत राहिले. मी तोंड उघडलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात कसं पडावं, ते आपसात बोलतीलच, अशा कसल्याशा संकोचाने मी खाली मान घालून वहीवर बरोबरच्या खुणा करत राहिलो. संध्याकाळी भाऊजींनी पत्राचं उत्तर टाकलं. त्यानंतर बोलायला पंधरा दिवस होते, आणि त्या पंधरा दिवसांत रोज मी उद्या बोलू असं ठरवलं. नंतर मी स्वतःला फार शिव्या दिल्या.

भाऊजी तिकडेच राहिले. वर्षातून दोन पत्रं येत. त्यांत मासळीबाजार, टरबुजं आणि आत्याच्या प्रकृतीची चौकशी असे. मग एका वर्षी शेठच्या मुलाने इंग्रजीत लिहिलेलं पत्र आलं, ते मीच आत्याला वाचून दाखवलं. तिने अंघोळ केली, देव झाकून ठेवले, आणि संध्याकाळी ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "त्याईले खरंच जायचं होतं का रे?"

या प्रश्नाची मी इतकी वर्षं वाट पाहत होतो, आणि उत्तर काही ठरलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर उरलेला जन्म ती त्या एका दुपारपाशी बसून राहिली असती. "हो," मी म्हणालो. "जायचंच होतं." ती बरं म्हणाली आणि उठून आत गेली. तिने आणखी एकदा विचारलं असतं तर मी काय बोललो असतो, कोणास ठाऊक. पण दिवेलागण होऊन गेली तरी मी तिथेच बसून होतो, तिने विचारावं म्हणून.