पोट मऊ आहे

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आई गेली, तिलाही सांगितलं नव्हतं. आणि जिच्या बाबतीत घडलं तिला — तिला माहीत आहे की नाही, या संशयातच मी राहते. मग तुम्हाला का सांगतेय? एकदा तोंडातून पुरतं बाहेर पडावं, एवढंच.

मी सांगलीला मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवते. पोटाचा भाग तर आवडीनं. पोटाच्या भिंतीला आतून एक पातळ, ओलसर पडदा असतो. तोच मागं वळून आतड्यांवरही चढतो. आतड्यांवरच्या पडद्याला दुखणं नीट सांगता येत नाही, बेंबीभोवती कुठंतरी म्हणतो. सूज भिंतीवरच्या पडद्यापर्यंत पोचली की मात्र पेशंट एक बोट ठेवून जागा दाखवतो आणि वरचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात. मुलं विचारतात, मॅडम, पेशंटनं मुद्दाम ताठ केलं असेल तर? मी सांगते — मुद्दाम ताठ केलेलं पोट श्वास सोडताना सैल पडतं. हे पडत नाही. इतकं मला पक्कं येतं, हे लक्षात ठेवा.

सासर वाईजवळ. सुरेखा माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, फौजेत. एका वर्षी गावच्या जत्रेला ती ऐन वेळी भाऊ आजारी म्हणून माहेरी गेली, आणि सगळ्या पाव्हण्यांच्या भाकरी माझ्या गळ्यात पडल्या. माझ्या वाकड्यातिकड्या भाकरींची जी थट्टा झाली ती मी विसरले नव्हते. भाऊ खरंच आजारी होता का? मला तेव्हाही पटलं नव्हतं. म्हणून पुढच्या जत्रेच्या आदल्या दिवशी ती पोट धरून बसली, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं सुरू सोंग!

सासूबाई म्हणाल्या, "आगं, तू डाक्टरीन हायस न्हवं? बघ की हिचं प्वाट."

सकाळी बेंबीपाशी दुखत होतं म्हणे, आता उजवीकडं खाली. तिनं एक बोट ठेवलं. मी हात ठेवला. ताठ. मुद्दाम करतेय, मला वाटलं. म्हटलं, श्वास सोड. तिनं सोडला. पुन्हा सोडायला लावला. पोट सैल पडलं नाही.

तिथं मला कळलं होतं. संशय तिथं संपला होता — हे मी कितीतरी दिवस स्वतःलाही सांगितलं नाही. तेवढ्यात दिराचा फोन आला, लांबच्या पोस्टिंगवरून. "वैनी, गाडी सांगू का साताऱ्याला? तुमी म्हणाल तसं." माझ्या डोळ्यांपुढं काय होतं? पिठाची परात. मी म्हटलं, "पोट मऊ आहे. गॅस असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं एकदम थांबलं. सुरेखा आपणहून चुलीपुढं बसली. बायका तिला हसल्या, मीही हसले. अपेंडिक्स फुटलं की आतला ताण जातो आणि घटकाभर बरं वाटतं, हेही मी शिकवते. मग त्या सकाळी मला ते आठवलं नाही? आठवलं.

दुपारी ताप चढला, उलट्या सुरू झाल्या. मीच तिला गाडीत घालून साताऱ्याला नेलं, सर्जनशी बोलले, आणि घरात माझं नाव झालं. वैनी होत्या म्हणून वाचली! पू पोटाच्या सगळ्यात खालच्या खोलगट जागेत, गर्भाशयामागं उतरला होता. सुजलेला पडदा बरा होताना आसपासचं सगळं एकमेकांना चिकटवून टाकतो. त्यात तिच्या गर्भनलिका बंद झाल्या. तिला मूल नाही. उपास झाले, देवदेवस्की झाली. कुणाच्या बारशाला गेली की तिला मागं बसवतात. आणि दीर सुट्टीवर आला की आधी माझ्या पाया पडतो.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालंय माझं. ती माझ्या ताटात भाकरी वाढताना क्षणभर थांबते — का थांबते? मला आधी वाढते — मान म्हणून, की आणखी कशासाठी? तिच्या साध्या बोलण्यातही मी काटा शोधते. मला तिची भीती वाटते.

यंदाच्या जत्रेला तिचं पोट पुन्हा दुखलं. ती आडवी झाली आणि माझा हात धरून तिनं स्वतःच टाक्यांच्या व्रणावर ठेवला. "आक्का, बघा की जरा."

मी दाबून पाहिलं. "मऊ आहे," मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं.

ती आढ्याकडं बघत म्हणाली, "व्हय. तवा लाकडावानी हुतं. माझ्या बी हाताला लागत हुतं. पर तुमी शिकलेल्या. म्हनलं, माझाच हात चुकला आसंल."

मग उठली, पदर खोचला आणि चुलीकडं गेली.

तिचा हात चुकला नव्हता. हे चार शब्द मला तेव्हा म्हणता आले असते. मी उठले आणि तिच्याशेजारी भाकरी थापायला बसले.