फ्रीझरच्या तळाशी

वादळ गेलं, पण लुइझियानातल्या त्या खाडीकाठच्या गल्लीत वीज काही आली नाही. फ्रीझरमधला बर्फ वितळायला लागला, तशी नेहमीच्या रीतीप्रमाणे रस्त्यातच चूल पेटली आणि घराघरांतलं मांस-मासळी एका मोठ्या हंड्यात पडायला लागलं.

शेजारचा क्लोविस हरणाचं मांस घेऊन आला, तेव्हा ओदील म्हातारीने त्याला धरलंच. "दरवर्षी म्हणतोस, यंदा हरीण दिसलंच नाही. मग हे काय पुरात पोहत आलं?"

"तूही काढ की तळातलं," क्लोविस पुटपुटला.

ओदील घुटमळली. तिच्या फ्रीझरच्या तळाशी दोन रानबदकं होती, तिच्या नवऱ्याने, अल्सीडने, मारलेली शेवटची. तो गेल्यापासून तिने त्यांना हात लावला नव्हता. तिने ती आणून हंड्यात सोडली.

वादळाने घरांची छपरं उडाली होती, तरी सगळी गल्ली पोटभर जेवली. जेवता जेवता क्लोविसच्या दाताखाली कटकन बंदुकीचा छर्रा आला.

"अल्सीडचं बदक का गं हे?" त्याने गाल धरून विचारलं.

"त्याचंच," ओदील समाधानाने म्हणाली. "तू हरीण लपवलंस ते त्याला तिकडेही कळलं बघ."