शेजारच्या बादलीतली आंबट बाजरी

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दी होते. न छापलेले किस्से मात्र साचत जातात, खुराड्यातल्या घाणीच्या थरासारखे. सकाळी खरवडून काढावेत, तर संध्याकाळी नवा थर तयार! दिल्लीत उभी हयात मी राजकीय वार्ताहर म्हणून काढली. मंत्र्यांचे, सचिवांचे, पक्षफुटीचे किस्से माझ्याकडे पोत्याने आहेत. पण हल्ली मित्र जमले की ते कुणाला नको असतात. "सबनीस, कोंबड्यांचं काय झालं?" असं विचारतात आणि मी तोंड उघडायच्या आधीच हसायला लागतात. हसा! पण एकदा माझी बाजूही ऐका.

आमचं वर्तुळ छोटं. मयूर विहारच्या एका सोसायटीत तळमजल्यावर मी आणि माझी बायको मंदा. घरामागे हातरुमालाएवढं अंगण, त्यात माझ्या कोंबड्या. कमरेएवढ्या भिंतीपलीकडे गजभिये. मूळचे भंडाऱ्याकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, आवाज कधी न चढवणारे. त्यांच्याही कोंबड्या. तिसरा इनामदार, माझा जुना सहकारी, हल्ली नोएडात एका न्यूज चॅनेलच्या डेस्कवर. कोंबड्या त्याने माझ्या बघून पाळल्या. पाळल्या माझ्या बघून आणि सल्ला विचारतो गजभियेंना! असो.

भांडण कशाचं, तर ऑम्लेटचं. दर रविवारी मंदा ऑम्लेट करते, ते अंडं कुणाच्या कोंबडीचं असावं, एवढाच प्रश्न आहे. तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही.

* * *

सुरुवात वासाने झाली. एका उन्हाळ्यात भिंतीपलीकडून आंबूस वास यायला लागला. ताडीच्या दुकानासमोरून जाताना येतो, तसा. मी नाक वर केलं. इतक्या वर्षांच्या बातमीदारीनंतर नाक खोटं बोलत नाही. भिंतीवरून डोकावलो, तर कोपऱ्यात झाकलेली बादली, आणि गजभिये ती लाकडी दांड्याने ढवळतायत!

मी लगेच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : 'रहिवासी इमारतीत अवैध दारू?' प्रश्नचिन्ह टाकायला विसरलो नाही. ते पत्रकारितेचं कवच आहे.

सेक्रेटरी चोप्राजी धावत आले. मागे अर्धी सोसायटी. चोप्राजींनी बादलीवरचं फडकं उचललं, वाकून वास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सबनीसजी, ये दारू नहीं है. ये तो इडली का घोल है!"

बादलीत बाजरी, गहू आणि मक्याची भरड पाण्यात बुडवून ठेवली होती. "दोन-तीन दिवस आंबवतो जी," गजभिये शांतपणे म्हणाले. "कोंबड्यांच्या पोटाला हलकं पडते. दाणाही वाया जात नाही. आमची आई द्यायची."

गर्दी पांगली. जाता जाता गजभिये मला हळूच म्हणाले, "सबनीसजी, बातमी द्यायच्या आधी तुमच्यात दुसऱ्या बाजूची प्रतिक्रिया घेत नाहीत काय?"

* * *

एवढं झाल्यावर माणसाने अबोला धरावा. गजभियेंनी दुसऱ्या दिवशी अंडी पाठवली! हा सूड उगवायचा किती हलकट प्रकार आहे, हे फक्त मत्सर केलेल्या माणसालाच कळेल.

मंदाने एक अंडं फोडलं. बलक असा, की पातेल्यात सूर्य उगवला.

"अहो, रंग बघा!"

"रंग आंबवल्याने येत नाही," मी म्हणालो. या विषयावर मी बरंच वाचून ठेवलं होतं. "रंग पिवळ्या मक्याने येतो, पालेभाजीने येतो. बादलीचा त्यात काही संबंध नाही!"

"मग तुम्हीही मका घाला, पाला घाला."

"घालतोच आहे!"

मंदाने माझ्या कोंबडीचं अंडं शेजारी फोडलं. गॅस लावला आणि दोन्हींतलं कुठलं तव्यावर गेलं, हे मी तुम्हाला सांगणार नाही.

* * *

आता मलाही आंबवणं भाग होतं. कृती गजभियेंना विचारायची? प्रतिस्पर्धी पेपरला फोन करून 'आज तुमची लीड बातमी काय?' असं कुणी विचारतं का? मी माझ्या पद्धतीने तपास केला. पहाटे पडद्याआडून पाहायचं. बाजरी किती, पाणी किती, दांडा कुठल्या हाताने फिरतो. सगळी माहिती हाती आली. फक्त माझ्या बादलीचा वास भिंतीपलीकडे जाऊन बातमी फुटू नये, म्हणून मी एक सुधारणा केली. मोठी प्लास्टिकची बरणी घेतली आणि तिचं फिरकीचं झाकण अंगात होती नव्हती ती ताकद लावून घट्ट बसवलं. बरणी माझ्या अभ्यासिकेत, पुस्तकांच्या मागे.

त्या आठवड्यात एका हिंदी चॅनेलने मला चर्चेला बोलावलं. घरूनच, लॅपटॉपवरून. खाली पट्टी : 'वरिष्ठ पत्रकार'. विषय सीमेवरचा तणाव. मी नुकताच रंगात आलो होतो. "देखिए, स्थिति बहुत विस्फोटक है..." एवढं म्हणालो मात्र, मागे धडाम्!

माझ्या डोक्यावर, चष्म्यावर, मागच्या पुस्तकांवर बाजरी. निवेदिका किंचाळली, "सर! सर, आप सुरक्षित हैं?"

मी उत्तर देणार, तोच स्वयंपाकघरातून मंदाचा आवाज थेट प्रक्षेपणात गेला. "अहो, तुमचं ते कोंबड्यांचं फुटलं वाटतं!"

चॅनेलने ब्रेक घेतला. मी केस पुसत अंगणात आलो. भिंतीपलीकडे गजभिये उभे. हसले नाहीत, हीच तर त्यांची मोठी बदमाशी. म्हणाले, "झाकण सैल ठेवावं लागते जी. गॅस होते त्यात."

* * *

इनामदारचं वेगळं. दिल्लीकडची जानेवारीची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. धुक्यात समोरचा खांब दिसत नाही आणि बादलीत बुडबुडा येत नाही. दाणा नुसता भिजून बसतो. गजभियेंनी इनामदारला सांगितलं, "कुठंतरी उबेत ठेवा." (मला नाही सांगितलं! मी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) इनामदारच्या घरात हीटर बायकोच्या ताब्यात. मग त्याने काचेची बरणी उचलली आणि ऑफिसात नेली. चॅनेलचं ऑफिस कायम गरम. कॉफी मशीनशेजारी बरणी ठेवली. वर मलमलचं फडकं, रबर बँड, अगदी साग्रसंगीत.

तिसऱ्या दिवशी बरणी अर्धी!

इनामदारने सगळ्यांना विचारलं. शेवटी सकाळच्या बुलेटिनची अँकर लाजत पुढे आली. सदा डाएटवर असलेली बाई. "सॉरी सर, मुझे लगा ओवरनाइट मिलेट्स हैं. शहद डालके खाया. थोड़ा खट्टा था, पर अच्छा लगा!"

ते कुणासाठी होतं, हे इनामदार सांगू शकला नाही. आजतागायत सांगितलेलं नाही. ती अजून त्याला विचारते, "सर, वो आपवाला बाउल फिर कब लाएँगे?"

हा किस्सा सांगताना इनामदार पोट धरून हसतो. मी हसत नाही. आयुष्यभर मी ऑफिसात मंदाच्या हातची थालीपीठं नेली. एका तरी अँकरने डब्यात डोकावून पाहिलं? आणि याच्या कोंबड्यांच्या खाण्याला फर्माइश!

* * *

पण खरं दुःख पुढेच आहे. माझी सर्वांत गुणी कोंबडी, तांबूस, ताठ मानेची, तिचं नाव मी 'ब्रेकिंग' ठेवलं होतं. कारण अंडं दिलं की अख्ख्या ब्लॉकला कळेल इतका गजर करायची. एके दिवशी गजर झाला. मी तिच्या अंडी घालायच्या खोक्याकडे धावलो. खोकं रिकामं! गजर भिंतीपलीकडून येत होता.

भिंतीवरून उडी मारून ती गजभियेंची आंबट बाजरी खायची आणि खाऊन झाल्यावर सभ्यपणाने तिथेच अंडं द्यायची.

"अंडं माझं आहे!" मी भिंतीवर हात आपटून म्हणालो.

"घ्या ना जी," म्हणून गजभियेंनी ते माझ्या हातात ठेवलं. आता बोला! भांडायलासुद्धा देत नाहीत!

मंदा म्हणाली, "राहू द्या त्यांच्याकडे. त्यांनीच खाऊ घातलं ना?"

"मंदा, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी ऑम्लेटच्या बाजूने."

मी ब्रेकिंगच्या एका पंखाची पिसं कातरली. दुखत नाही, केस कापण्यासारखंच असतं. फक्त तोल जातो, उडता येत नाही. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्यापुढे माझी स्वतः आंबवलेली बाजरी ठेवली. आता झाकण सैल होतं, वास अगदी बरोबर होता, बुडबुडे होते. तिने एकदा चोच लावली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमचा संपादक माझ्या कॉपीकडे पाहायचा.

तिसऱ्या सकाळी गेटवरून इंटरकॉम वाजला. गार्ड होता. "साब, आपकी मुर्गी सामने के गेट से निकलके गजभियेजी के यहाँ जा रही है. ऐप पे एंट्री डालनी है. 'विज़िटर' लिखूँ या 'डेली हेल्प'?"

* * *

मग गजभियेंना पुतणीच्या लग्नाला भंडाऱ्याला जावं लागलं. निघताना बादली घेऊन माझ्या दारात आले. "सबनीसजी, तुमच्याशिवाय कोणाला सांगू? यातलं थोडं पाणी दरवेळी मागं ठेवायचं, नवा दाणा त्यातच भिजवायचा. अन् रोज सकाळी एक व्हिडिओ कॉल लावाल काय? मी दोन शब्द बोलतो तिच्याशी. तुमच्या त्या तांबड्या बाईशी. त्याशिवाय खात नाही ती."

मी मनातल्या मनात हसलो. इतके दिवस हेच तर हवं होतं! त्यांची बादली, त्यांचं आंबवण, त्यांचं पाणी, सगळं माझ्या ताब्यात. आणि कोंबडीला फोन? मी अनेक मुख्यमंत्र्यांचे फोन उचलले नाहीत!

दोन्ही घरची बाजरी मी वाढली. गजभियेंच्या कोंबड्यांनी फडशा पाडला. ब्रेकिंगने त्यांच्याच बादलीतल्या, त्यांच्याच बाजरीला तोंड लावलं नाही. आज नाही, उद्या नाही. अंडंही नाही. इथे नाही, तिथेही नाही. रविवार आला. मंदाने तवा काढला, पुन्हा ठेवून दिला आणि पोहे केले. पोह्यांवर माझा राग नाही. पण मंदा म्हणाली, "ती खंगतेय हो. तुम्हाला दिसत नाही का?"

दिसत होतं. पिसं फुगवून ती तुळशीच्या कुंडीआड बसली होती. मी जाऊन पुढे बसलो, आजूबाजूला कुणी पाहत नाही ना हे पाहिलं आणि व्हिडिओ कॉल लावला.

मागे मांडव, सनई, पोरांचा गोंगाट. गजभियेंच्या डोक्याला फेटा. "काऊन वं बाई?" ते म्हणाले. "जेवली नाही काय?"

ब्रेकिंग उठली. फोनसमोर येऊन मान तिरकी करून पाहिलं. मग मुकाट्याने बाजरीवर तुटून पडली! चोच पुसली आणि तिथून सरळ माझ्या खोक्यात. माझ्या! जुन्या अंकांची घडी घालून मी तयार केलेल्या खोक्यात जाऊन बसली. मी श्वास रोखून खोक्यासमोर फोन धरून बसलो. गजभिये तिला लग्नाची हकिगत सांगत होते. नवरदेव कसा उशिरा आला, वरणात मीठ कसं जास्त झालं. हात भरून आला, तरी मी फोन हलवला नाही. मंदा दारात येऊन उभी राहिली.

आणि मग तो गजर!

मी खोक्यात हात घातला. अंडं गरम होतं. माझ्या अंगणातलं, माझ्या खोक्यातलं.

"दिलं काय जी तिनं?" फोनमधून गजभियेंनी विचारलं.

"हॅलो? हॅलो, गजभिये? नेटवर्क गेलं वाटतं! काही ऐकू येत नाहीये!"

"अहो, मला तर स्वच्छ ऐकू येतंय," मागून मंदा म्हणाली.

"मलाही, वहिनी," गजभिये म्हणाले. "अन् त्यांच्या हातात आहे ते दिसून पण राहिलं."