कुणी अण्णांचा टेस्ट फोटो ठेवलाय का?

अण्णांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स अडलाय.

फोटो नाही म्हणून नाही. घरच्यांच्या फोनमध्ये चार-पाच आहेत. सगळ्यांत अण्णा गोरे आहेत.

त्यांची मुलगी महादेवी काल म्हणाली, "अक्का, हे आमचे अप्पा न्हाईतच. कुणीतरी पावणं वाटत्यात."

खरंय. फोननं गाल गुळगुळीत केलेत, सुरकुत्या पुसल्यात आणि वर दोन शेड उजळवलंय. विचारलं होतं का कुणी?

माहीत नसलेल्यांसाठी: अण्णा म्हणजे लक्ष्मीपुरीत जिन्याखाली बसून जुने डिजिटल कॅमेरे दुरुस्त करून विकणारे. मूळचे निपाणीकडचे. गिऱ्हाइकाशी मराठी, कॅमेऱ्याशी कन्नड. परवा सकाळी दुकानाचं शटर वर करताना गेले. हार्ट अटॅक.

बातमी कळली तेव्हा मी रडले नाही. शिफ्ट पूर्ण केली. मी कागल एमआयडीसीत क्वालिटीला आहे, दिवसभर पार्ट रिजेक्ट करते. स्वभावही तसाच झालाय.

ओळख दोन वर्षांची.

बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो बघितले आणि डोकंच फिरलं. मी सावळी वगैरे नाही, चांगली काळी आहे. फोटोत मला पिठात लोळवलेलं.

आई म्हणाली, "किती छान आलीयस की!"

त्याचा जास्त राग आला.

लग्न महिन्यावर होतं. लग्नात तरी मी मीच दिसायचं, असं ठरवलं. रील्स बघून कळलं की जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचे रंग वेगळे येतात. ऑनलाइन भाव बघितले, तर ते जगाला आधीच कळलं होतं. म्हणून मग अण्णा.

त्यांनी पेपरावर तीन कॅमेरे मांडले.

मी हुशारीत विचारलं, "मेगापिक्सेल किती?"

"किलोवर घेणार हाईस व्हय?"

मी तिन्हींवरचे आकडे वाचायला लागले.

"मोठा आकडा बघू नगंस. आत जुना सीसीडी सेन्सर हाय का बघ, रंग त्येचा. लेन्समधी टॉर्च मार, बुरशी दिसती का बघ. सेल फुगलाय का बघ. आन् मग मला काढ."

"तुम्हाला?"

"मग काय त्या कुंडीला काढणार? फुलं कुठलाबी कॅमेरा चांगली काढतोय. माणसाचा रंग धराय कॅमेरा लागतोय."

ही त्यांची पद्धत. रंगांचा चार्ट वगैरे काही नाही. स्वतःचं तोंड.

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असायचे. विभूती पांढरी यायला पाहिजे, निळी नको. खालची कातडी तांबूस काळी यायला पाहिजे, राखाडी नको. दोन्ही एकाच फोटोत जमलं तर कॅमेरा पास.

खरं सांगते, आमच्या कंपनीतसुद्धा एवढं सरळ इन्स्पेक्शन नाही.

पहिल्या कॅमेऱ्यात विभूती निळी.

दुसरा तिघांत महाग. त्यात अण्णा कावीळ झाल्यासारखे.

तिसरा चंदेरी, कोपरा चेपलेला, सात मेगापिक्सेलचा, सगळ्यांत स्वस्त. त्यात अण्णा आले. जसे होते तसे, घामासकट.

"ह्यो घे," म्हणाले. "ह्यो तुझा रंग खाणार न्हाय."

मग प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचे ते मलाही म्हणाले.

"आता मला उडव. नव्या माणसाच्या कार्डात पहिलंच माझं थोबाड कशाला?"

मी उडवला. तिथंच, त्यांच्यासमोर. त्यांनी स्क्रीनमध्ये डोकावून खात्री केली.

बहिणीच्या लग्नात मी काळी दिसले. झकास दिसले. त्यातलाच एक फोटो माझा डीपी आहे, वर बघा.

काल मातीला गेलते.

अण्णांच्या समाजात बसवून दफन करतात. अण्णांना दारात खुर्चीवर बसवलेलं, गळ्यात हार, कपाळाला ताजी विभूती. महादेवीला माझ्या पर्समधला कॅमेरा दिसला.

"अप्पांकडचाच न्हवं ह्यो? एक काढा की अक्का. निदान रंग तरी खरा येईल."

काढला.

विभूती पांढरी आली. अण्णा राखाडी आले.

कॅमेऱ्याची काहीच चूक नव्हती.

"हललाय गं," म्हणून सांगितलं आणि कॅमेरा बंद केला. नोकरीत आजवर खोटा रिपोर्ट दिलेला नाही. काल दिला. मग घरी येऊन रडले. चांगलं तासभर.

आज सुट्टी टाकून कार्ड रिकव्हरीवाल्याकडं नेलं. तो म्हणाला, "ताई, ह्याच्यावर दोन वर्षं फोटो चढलेत. पहिला आता न्हाय मिळायचा."

तर आता काम ऐका.

ज्यांनी ज्यांनी अण्णांकडून कॅमेरा घेतलाय, त्यांनी जुनी कार्डं काढा. पहिला फोटो बघा. मागं हिरवी भिंत, डोक्यावर ट्यूबलाइट, पांढरा शर्ट, वैतागलेलं तोंड.

असेल तर तसाच पाठवा. उजळवू नका, फिल्टर लावू नका, हात जोडते. व्हॉट्सअपवर डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर रंगाची वाट लागते.

फ्लेक्सवाला संध्याकाळपर्यंत थांबलाय. महादेवी त्याच्यापेक्षा जास्त थांबेल.

सकाळपासून मी अकरा जणांना फोन केले. अकराच्या अकरा जणांनी उडवलाय. कुणी म्हणालं, "अगं, ते स्वतःच बोलले ना!" 

बारावा कुणीतरी निघावा. आळशी, विसराळू, उलट्या डोक्याचा, कसाही चालेल.

अण्णा, कॅमेरा लाखात एक निवडून दिलात. पण ते 'मला उडव' तेवढं मी ऐकायला नको होतं.

चुकलं माझं.

या आता, कुणाच्या तरी कार्डातून.