कूलरची लांब वायर

मंडळी, सोलापूरच्या उन्हात ज्याचा कूलर नुसते उसासे टाकतो, त्याच्यावरच्या अन्यायाची इतिहास दखल घेत नाही.

माझा संशय खाली राहणाऱ्या नरसय्यामामांच्या यंत्रमागावर होता. सगळा करंट तुम्हीच ओढता, असं दुपारी त्यांना सुनावून आलो.

मामा माझ्या मागोमाग वर आले. आईच्या खाटेखाली कूलरच्या वायरचं वेटोळं होतं, त्याला हात लावून म्हणाले, "अम्माला आधी हितनं उठवा. मला नंतर बोला की. लांब, बारीक वायर करंटला अडवती आणि स्वतः तापती. हे पेटलं असतं."

त्यांनी जाड, आखूड वायर जोडली. कूलर घोंघावला, आई झोपली.

तुमच्याही खाटांखाली वाकून बघा.

मी मामांना कामगारांसमोर बोललो होतो. संध्याकाळी खाली जाऊन, त्याच कामगारांसमोर, माफी मागून आलो.