अरुणाताईंचा बुटका पाम

अरुणाताई निवृत्त व्हायला काही महिने उरले होते, तेव्हा आमच्या कंट्रोल रूममध्ये नवा नियम आला. टेबलापेक्षा उंच झाड खोलीत नको, मागचे स्क्रीन दिसत नाहीत. खोलीत झाड होतं एकच, ताईंचा पाम, आणि तो माझ्या खांद्याला लागला होता.

देशाबाहेर, जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातल्या या खोलीला खिडकी नाही. ताई इथं शिफ्टवरची पहिली बाई इंजिनिअर म्हणून आल्या आणि त्याच आठवड्यात त्यांनी हे वीतभर रोप आणून ठेवलं. दोघंही टिकायची नाहीत, असं तेव्हाचे लोक म्हणाले म्हणे. पाम मेक्सिकोच्या जंगलातला, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. त्याला ट्यूबलाइटचा उजेड पुरला. आणि ताई? कंपनीच्या बसमधून उतरणारा प्रत्येक नवा इंजिनिअर त्यांच्याच हाताखाली शिकला. मीसुद्धा.

"घरी घेऊन जा ना, ताई," मी म्हटलं.

"का म्हणून? तो या खोलीतला आहे, इथंच राहील. मी त्याला बुटका करते."

मला हसू आवरेना. मी गुहागरचा. पाम माडाच्याच कुळातला, आणि शेंडा तोडला की माड संपला, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ताई पुण्याच्या, त्यांना काय माहीत माड! तसं मी बोलूनही दाखवलं.

"निशिकांत, बोलून झालं असेल तर इकडे बघ." पानांच्या जरा खाली, खोडाच्या पेऱ्यावर बारीक टोकं बाहेर आली होती. "ही मुळं आहेत. डाळिंबाला गुटी बांधतात ना, तशी याला बांधू. मुळं वाढली की त्यांच्या खाली कापू."

ओलं शेवाळ, त्यावर प्लॅस्टिक, वर-खाली सुतळी. पामला गुटी! शिफ्टला चेष्टेला विषय मिळाला. आमच्या शिफ्टवरची, इथंच वाढलेली अदिती तर रोज विचारायची, "मॅडम, युअर पाम गॉट फ्रॅक्चर आह?" ताई शेवाळात पाणी सोडायच्या आणि कामाला लागायच्या.

शेवटच्या दिवशी प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसत होती. सगळे गोळा झाले. ताईंनी छोटी करवत घेतली आणि मुळांच्या खाली खोड सरळ कापलं. शेंडा नव्या कुंडीत बसला, उंची आता टेबलापेक्षा जरा कमीच. जुन्या कुंडीत उरला उघडा बुंधा.

"हा टाकून देतो," मी म्हटलं. "हा काही फुटायचा नाही."

"माहीत आहे. पण इतकी वर्षं यानंच त्याला उभं धरलं. हा मी नेते."

बसमध्ये ती बिनपानांची कुंडी मांडीवर घेऊन ताई ताठ बसल्या होत्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पुढे कित्येक दिवस शेंडा होता तसाच. मी येता-जाता बघायचो. आपण खोटं ठरावं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. परवा मधला कोंब उलगडला आणि हिरवंगार नवं पान बाहेर आलं. मी लगेच ताईंना फोटो पाठवला.

उत्तर आलं, "गुहागरला कळव."

मी तसाच गुहागरला वडिलांना फोन लावला.